जुनं सूत्र मोडलं, असं कधी म्हणायचं?

तू विचारलंस ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल.

खानापूरहून रोज बेळगावात उद्यमबागेला येऊन तू ज्या छोट्या कंपनीत काम करतोस, तिथं फाउंड्र्यांसाठी आणि पतसंस्थांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर बनतं. ग्राहकानं आपली सूत्रं आपणच लिहावीत म्हणून त्यात एक छोटी भाषा आहे. कास्टिंगचं वजन, भंगाराचा दर, व्याज, कमिशन, सगळं तिच्यातच लिहिलं जातं. आता तिची दुसरी आवृत्ती निघणार आहे आणि यादीत चार बदल आहेत. राऊंडिंगमधली चूक काढायची, 'व्हेन' हा नवा शब्द भाषेत आणायचा, एरर मेसेज सुधारायचे, आणि टेबलातल्या नोंदी यापुढं वेगळ्या क्रमानं बाहेर पडतील, कारण आतली रचना बदलली आहे. साहेब म्हणतात, जुनं सूत्र चढतंय ना, एरर येत नाही ना, मग काहीच मोडलं नाही. तुला ते पटत नाही, पण का पटत नाही ते त्यांना सांगता येत नाही.

साहेबांची व्याख्या तोकडी आहे. जावा या प्रोग्रामिंग भाषेवाल्यांनी याचे तीन भाग फार पूर्वी पाडून ठेवलेत. जुना सोर्स, म्हणजे माणसानं लिहिलेला कोड, नव्या कंपायलरखाली, म्हणजे त्याचं मशीनला चालणाऱ्या रूपात भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामखाली, चढतो का, हा एक. आधी कंपाईल झालेली फाइल नव्या लायब्ररीशी (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडशी) जुळते का, हा दुसरा. आणि चालल्यावर प्रोग्राम तसाच वागतो का, हा तिसरा. तुमची भाषा इंटरप्रिटरवर चालते, म्हणजे आधी कंपाईल न होता थेट वाचून चालवली जाते, त्यामुळं दुसऱ्याची चिंता तुला नाही. सी प्लस प्लसवाल्यांना विचार, ते त्यावर रात्रभर बोलतील. साहेब फक्त पहिला बघतायत. पैसे बुडतात ते तिसऱ्यात.

तू आपल्याकडचा आहेस म्हणून उदाहरणही आपल्याच बोलीतलं देते. पुण्यात माझ्या पहिल्या नोकरीत टीम लीडनं विचारलं, ती दुरुस्ती झाली का? मी म्हणाले, "झाली म्हणून कळलं. खरं मी बघितली नाही." आपल्याकडं 'खरं' म्हणजे 'पण', हे तुला सांगायला नको. त्याला वाटलं मी कसली तरी कबुली देतेय. तो गंभीर चेहरा करून म्हणाला, ठीक आहे, खरं सांगितलंस ते बरं झालं. दोन दिवस मला कळेना की हा माझ्याशी एवढ्या समजुतीनं का बोलतोय.

त्यात वाक्य व्याकरणात चोख बसलं. शब्द त्याच्या ओळखीचा होता. अडखळला कोणीच नाही. अर्थ तेवढा दुसरा लागला.

प्रोग्रामिंगमध्ये असलं बिघडणं सर्वांत वाईट. पायथन भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत, पायथन २ मध्ये, ३ भागिले २ म्हणजे १ यायचं, पायथन ३ मध्ये १.५ येतं. ओळ तीच, दोन्हीकडं चालते. वेबसाइटींच्या पीएचपी भाषेत शून्य हा आकडा आणि 'फू' ही अक्षरं दोन बरोबरच्या चिन्हांनी ताडली, तर वर्षानुवर्षं उत्तर 'खरं' यायचं (इथं पुण्याचं 'खरं'). २०२० च्या नोव्हेंबरात पीएचपी ८ आलं आणि तीच ओळ 'खोटं' म्हणू लागली. नवं उत्तर शहाणपणाचं आहे यात वाद नाही. पण ज्याचा लॉगिनचा किंवा डिस्काउंटचा कोड त्या जुन्या वेडेपणावर उभा होता, त्याला कुणी दार वाजवून सांगितलं नाही. त्याच्या उलट, पायथन ३ मध्ये प्रिंटला कंस लागतो म्हणून केवढी ओरड झाली! खरंतर ती मोड सगळ्यांत निरुपद्रवी. पहिल्याच रनला एरर येते, ओळ नंबरासकट. माणूस शिव्या देतो, कंस घालतो, पुढं जातो.

म्हणून मी बदल मोजताना पहिला प्रश्न विचारते तो हा: बिघडलं तर कळणार कुणाला, आणि कधी? लिहिणाऱ्याला, लिहिताना कळलं तर ती मोठ्यानं झालेली मोड. हिशोबनिसाला मार्चअखेर कळलं तर ती मुकी मोड. मोठ्यानं होणाऱ्या दहा मोडी मी एका मुक्या मोडीपेक्षा पत्करीन.

हे पुस्तकात वाचून आलेलं शहाणपण नाही. राऊंडिंगवर मी स्वतः हात पोळून घेतलाय, आणि तुझ्या यादीत पहिलंच राऊंडिंग आहे, म्हणून ते सविस्तर सांगते.

पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपणार होता. त्याआधीच्या वर्षी आम्ही सगळी जुनी कामं पायथन ३ वर नेत होतो. त्यात एका पतसंस्थेचं पिग्मीचं काम होतं. पिग्मी म्हणजे रोज एजंट दुकानात येऊन दहा-वीस-पन्नास रुपये घेऊन जातो ती ठेव. ही कल्पना मूळची कर्नाटकातलीच, उडुपीला १९२८ मध्ये सुरू झालेली. आमच्याकडं गणपत गल्लीपासून शहापूरपर्यंत क्वचितच एखादं दुकान असेल जिथं पिग्मीचं पासबुक सापडणार नाही. त्या संस्थेच्या सूत्रांसाठी आम्ही तुमच्यासारखीच एक छोटी भाषा केली होती. तिच्यातलं 'राऊंड' हे फंक्शन आम्ही सरळ खालच्या पायथनकडं ढकलून दिलं होतं. संस्थेचा नियम साधा: व्याज रुपयात, पन्नास पैसे झाले की वरचा रुपया.

पायथन २ बरोबर तेच करायचं. पायथन ३ मात्र बरोबर अर्ध्यावर आलं की जवळच्या सम संख्येकडं जातं. २.५ चे आधी ३ व्हायचे, आता २ होतात. ३.५ चे तेव्हाही ४, आताही ४. आता गंमत बघ. माझ्या टेस्टमध्ये ११२.४० होतं, ११२.६० होतं, आणि मी हुशारी करून नेमकं अर्ध्यावरचं ११३.५० ही घातलं होतं. सगळ्या टेस्ट हिरव्या. ११२.५० घातलं असतं तर लाल दिवा लागला असता. म्हणजे अर्ध्यावर येणाऱ्या खात्यांपैकीही काहीच खाती चुकत होती, तीही एकेका रुपयानं, तीही व्याज लागण्याच्या दिवशीच.

सापडलं कसं? तिथले मॅनेजर काका कॉम्प्युटरवर विश्वास न ठेवणाऱ्या पिढीतले. लाल कापडी बांधणीच्या वहीत स्वतःचा समांतर हिशोब ठेवायचे. त्यांनी फोन केला. "ताई, मशीन शहाणं झालंय, खरं माझी वही काय चुकलेली नाही." मी आधी काकांनाच समजवायला गेले, हे सांगायची आज लाज वाटते. दुपारी कोड उघडला आणि गप्प बसले. त्या रात्री पासबुकांवर छापून गेलेले आकडे एकेक करून शोधून दुरुस्त केले, आणि दुसऱ्या दिवशी एजंटांना बोलावून कुणाकुणाच्या पासबुकात खाडाखोड करायची ते समजावलं. पैशात बघितलं तर नुकसान चहापाण्याएवढं. पण पासबुकावर खाडाखोड दिसली की दुकानदार पुढच्या महिन्यात एजंटाला दारातूनच परत पाठवतो.

यात चूक कुणाची? पायथनवाल्यांची म्हणता येणार नाही. २००८ च्या डिसेंबरात ३.० काढतानाच त्यांनी जाहीर केलं होतं की ही आवृत्ती जुन्याशी जुळणारी नाही. राऊंडिंगचा बदलही लिहून ठेवलेला होता. सम संख्येकडं जाण्याला 'बँकर्स राऊंडिंग' म्हणतात आणि मोठ्या बेरजांत ते जास्त न्यायाचंही ठरतं, कारण अर्धे वर जातात, अर्धे खाली. चूक माझी होती. आमच्या भाषेत 'राऊंड' काय करतं हे मी कधीच कुठं लिहिलं नव्हतं. मॅन्युअलमध्ये 'आकडा राऊंड करते' एवढंच. वचन दिलेलं नव्हतं, असं म्हणून मी हात वर करू शकले असते. पण वचन माझ्या मॅन्युअलपुरतं नव्हतंच. संस्थेच्या नियमावलीत ते लिहिलेलं होतं, आणि माझं फंक्शन वर्षानुवर्षं तसंच वागत आलं होतं. त्यावर विसंबण्यात काकांचं काही चुकलं नव्हतं.

आता याची दुसरी बाजू. लोक ज्यावर विसंबतील ते सगळंच वचन धरायचं का? गूगलमध्ये काम केलेल्या हायरम राइट या इंजिनिअरच्या नावानं एक नियम ओळखला जातो. वापरणारे पुरेसे झाले की तुम्ही काय कबूल केलंत याला महत्त्व उरत नाही. तुमच्या सिस्टिमचं जे जे वागणं बाहेरून दिसतं, त्या प्रत्येकावर कुणी ना कुणी अवलंबून असतंच. निरीक्षण म्हणून हे शंभर टक्के खरं आहे. धोरण म्हणून ते घेतलं तर भाषा जागच्या जागी गोठते, कारण मग प्रोग्राम जरा वेगानं चालणं हीसुद्धा मोडच ठरते.

याच ठिकाणी भाषावाले एकमेकांशी भांडतात, आणि दोन्ही बाजू ऐकण्यासारख्या असतात. २०१० मध्ये लिनक्सवरच्या जीलिबसी लायब्ररीनं 'मेमकॉपी' हे मेमरीतला मजकूर दुसऱ्या जागी उतरवणारं फंक्शन जलद केलं. काही प्रोसेसरवर ते शेवटाकडून सुरुवातीकडं कॉपी करू लागलं. सी भाषेच्या नियमात स्पष्ट आहे की एकमेकांवर चढलेल्या जागांमध्ये मेमकॉपी वापरायचं नाही, त्यासाठी 'मेममूव्ह' आहे. ब्राउझरमध्ये गाणी-व्हिडिओ चालवणाऱ्या अडोबीच्या फ्लॅशनं तिथंही मेमकॉपीच वापरलेलं होतं. फेडोरा १४ ही लिनक्सची आवृत्ती घेतलेल्यांच्या गाण्यांचा आवाज खरखरायला लागला. लायब्ररीवाले म्हणाले, चूक फ्लॅशची. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स त्या वादात उतरला तो उलट बाजूनं. त्याचं म्हणणं, वापरणाऱ्याला फ्लॅश बंद पडलेलं दिसतं, तुमचं नियमाचं पुस्तक नाही. शेवटी तोडगा निघाला तो मला फार आवडतो: जुन्या बायनरीला (आधीच कंपाईल झालेल्या फाइलीला) जुनंच वागणं मिळेल आणि नव्यानं लिंक होणाऱ्याला नवं, अशी फंक्शनलाच आवृत्ती लावली.

गो भाषेनं उलटी वाट धरली. मॅपमधल्या (नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या टेबलातल्या) नोंदी कुठल्या क्रमानं येतील याची हमी नाही, असं लिहून ठेवलं तरी लोक विसंबणार हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून २०१२ च्या गो १ पासून त्यांनी तो क्रम मुद्दामच दर वेळी वेगळा ठेवला. कुणाला सवयच लागू द्यायची नाही. पायथनमध्ये याच्या बरोब्बर उलटं घडलं. ३.६ मध्ये आतली रचना बदलली आणि डिक्शनरी, म्हणजे तिथला मॅप, भरलेल्या क्रमानंच परत देऊ लागली. 'हा योगायोग आहे, विसंबू नका' असं सांगून झालं, आणि ३.७ मध्ये मुकाट्यानं तोच भाषेचा नियम करून टाकला. हमी न दिलेल्या गोष्टीवर कुणी विसंबू नये असं वाटत असेल तर ती सुरुवातीपासून डळमळीत ठेवावी लागते. वर्षानुवर्षं घट्ट ठेवून एक दिवस 'आम्ही कुठं कबूल केलं होतं' म्हणणं, हे जमिनीच्या वादात चालतं तितकंच इथं चालतं.

तुझ्या चौथ्या बदलाचं उत्तर यातच आहे. तुमच्या टेबलातल्या नोंदी आजवर भरलेल्या क्रमानं बाहेर पडत होत्या. कुठल्या ना कुठल्या फाउंड्रीनं त्या क्रमावर बिलाची प्रिंट बसवलेली असणारच. पहिली ओळ पिग आयर्न, दुसरी भंगार, तिसरी कोक, आणि ऑडिटरला तसंच बघायची सवय. ही मोड आहे. वेगासाठी आतली रचना बदला, पण बाहेर येताना क्रम जुनाच द्या. थोडी जास्त मेमरी जाईल, जाऊ दे.

'व्हेन'बद्दल. नुसती भर घातली तर काय मोडणार, असं सगळ्यांना वाटतं. पायथन ३.७ मध्ये 'एसिंक' हा राखीव शब्द (नाव म्हणून वापरता न येणारा) झाला आणि ज्या ज्या लायब्ररीत फंक्शनच्या आर्ग्युमेंटला किंवा फाइलीला 'एसिंक' नाव होतं, त्या सगळ्या एका दिवसात सिंटॅक्स एररवर आपटल्या. जावानं १.४ मध्ये 'असर्ट' आणि ५ मध्ये 'एनम' घेताना हेच भोगलं. मग २०१८ मध्ये जावा १० नं 'व्हार' आणताना शहाणपण केलं. टाइपच्या जागीच तो शब्द राखीव, व्हेरिएबलचं नाव म्हणून आजही चालतो. तुमचं व्याकरण छोटं आहे. 'व्हेन' फक्त ओळीच्या सुरुवातीला ओळखायचा आणि बाकी ठिकाणी साधं नाव समजायचं, हे दोन दिवसांचं काम आहे. ते करा.

भर घालून मोडण्याचे याहून नाजूक प्रकार आहेत, तुझ्या कामाचे नसले तरी ऐकून ठेव. २०१८ मध्ये जावास्क्रिप्टच्या ॲरेला 'फ्लॅटन' नावाचं फंक्शन द्यायचं ठरलं. मूटूल्स नावाची जुनी लायब्ररी त्याच नावानं आपलं फंक्शन चिकटवायची आणि नवं आलं की तिच्यावर उभ्या जुन्या वेबसाइटी पडत होत्या. शेवटी नाव बदलून 'फ्लॅट' केलं. जावास्क्रिप्टवाले याबाबत फार कडवे, कारण वेबसाइट लिहिणारा माणूस केव्हाच निघून गेलेला असतो, दुरुस्त करणार कोण? रस्ट भाषेवाल्यांकडं क्रेटर नावाचं यंत्र आहे. नव्या कंपायलरखाली सार्वजनिक लायब्ररींचा अख्खा साठा बांधून बघतात आणि काय पडलं ते मोजतात. एवढं असूनही २०२४ च्या जुलैत रस्ट १.८० मध्ये एका टाइपला एक छोटी जादा सोय दिली, आणि 'टाइम' ही प्रचंड वापरातली लायब्ररी कंपाईल होईना. कंपायलर जिथं टाइप आपला आपण ओळखत होता, तिथं आता दोन उत्तरं शक्य झाली होती. नियमाप्रमाणं ही मोड धरत नाहीत, असं त्यांच्या धोरणात आधीपासून लिहिलेलं आहे. ज्यांचे बिल्ड पडले त्यांना त्या धोरणाचं काय कौतुक असणार!

एरर मेसेज सुधारणं मला मोड वाटत नाही. मजकूर माणसासाठी असतो. तरी खात्री म्हणून एकदा बघ, कुठल्या ग्राहकाकडं मेसेजमधले शब्द शोधून पुढचं काम करणारी स्क्रिप्ट आहे का. रुबी भाषेच्या ३.४ आवृत्तीनं मेसेजमधलं फक्त एक अवतरणचिन्ह सरळ केलं तरी कुणाच्या तरी टेस्ट लाल झाल्याच. मेसेजला एक नंबर दे आणि सांगून टाक, नंबर कायम राहील, मजकूर बदलत राहील. संपलं.

आता चूक सुधारणं मोड कधी ठरतं, याबद्दल. हा भाग मला सगळ्यांत अवघड वाटतो आणि यात आपल्या लिपीचा संबंध येतो. पायथनच्या नेहमीच्या रेगेक्समध्ये, म्हणजे मजकुरातले नमुने शोधायच्या सोयीत, 'शब्दातलं अक्षर' याला बॅकस्लॅश डब्ल्यू लिहितात. अशी सलग अक्षरं शोधायला त्याला 'बेळगाव' दे. परत काय मिळतं? 'ब', 'ळग' आणि 'व'. मात्रा आणि काना गळून पडतात, कारण त्या खुणांना ते अक्षर समजतच नाही. कन्नडचीही तीच कथा, तिथं तरी सीमावाद नाही. ही चूक आहे याबद्दल देवनागरी वाचणाऱ्या कुणाला शंका नसावी. पण मी स्वतः पाच ठिकाणी त्या चुकीला वळसा घालणारा कोड लिहिलाय, मात्रा वेगळ्या गोळा करून परत चिकटवणारा. उद्या पायथननं ती सुधारली तर माझा चिकटवणारा कोड काय करेल, हे मीही छातीठोक सांगू शकत नाही.

तसंच जोडाक्षरांचं. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणारं मानक. २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये अक्षर मोजण्याचा नियम बदलला. त्याआधी 'क्ष' मोजला तर दोन भरायचे, क चा पाय मोडलेला एक आणि ष दुसरा. आता देवनागरीत तो एक भरतो. मराठी शाळेत पहिल्यापासून तो एकच होता, युनिकोडला तिथं पोचायला वेळ लागला एवढंच. पण मोजक्या अक्षरांत नाव बसवायची तुझी एखादी प्रिंट असेल आणि मोजणारी लायब्ररी अपडेट झाली, तर 'लक्ष्मण' आणि 'ज्ञानेश्वर' उद्या वेगळ्या जागी तुटतील. भाषेत कुणी एक ओळ बदललेली नसेल, तरी.

जावा १८ हे याचं आणखी एक उदाहरण, आणि आपल्याकडच्या प्रिंटिंगवाल्यांना ते चांगलं ठाऊक असायला हवं. २०२२ च्या मार्चपासून जावा कुठल्याही मशीनवर फाइल मुळातच यूटीएफ ८ (युनिकोड साठवायची पद्धत) धरून वाचतं. पूर्वी विंडोज जे सांगेल ते धरायचं. नव्यानं लिहिणाऱ्याला हा आशीर्वाद: मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग यायची ती थांबली. पण युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात टाइप केलेल्या जुन्या फाइली आठव, लग्नपत्रिका, मतदारयाद्या, सभासदांच्या याद्या. त्यातली बरीच 'अक्षरं' म्हणजे इंग्रजी कोडपेजमधल्या (अक्षरांच्या जुन्या तक्त्यातल्या) वरच्या खुणा. त्या यूटीएफ ८ म्हणून वाचल्या की काळ्या चौकटीतल्या प्रश्नचिन्हांशिवाय काही उरत नाही, आणि तशीच परत सेव्ह केली तर मूळही गेलं. जावावाल्यांनी जुनं वागणं परत मिळवायला एक फ्लॅग ठेवलाय, आणि बदल आधीपासून जाहीर केला होता. माझ्या मते बदल योग्यच. मोड नाही असं मात्र मी म्हणणार नाही. 'योग्य' आणि 'मोडत नाही' हे दोन वेगळे शेरे आहेत, आणि मीटिंगमध्ये लोक त्यांची सरमिसळ करतात. साहेबांशी बोलताना एवढं सांभाळ. राऊंडिंगची दुरुस्ती बरोबर आहे का, हा एक वाद. ती कुणाचं काय मोडते, हा दुसरा.

सुरक्षेचं प्रकरण निराळं. २०२२ च्या सप्टेंबरात पायथननं छोट्या दुरुस्त्यांच्या आवृत्त्यांतसुद्धा, म्हणजे ज्यात काहीच मोडू नये अशा आवृत्त्यांत, ४३०० अंकांपेक्षा लांब मजकुराचा पूर्णांक करायला नकार द्यायला सुरुवात केली. मोठा आकडा पाठवून सर्व्हर लटकवता येत होता म्हणून. गणितवाले चिडले. तरी तिथं मोडणं हाच इलाज होता. गोच्या वचनातही सुरक्षेचा अपवाद पहिल्यापासून लिहिलेला आहे. तुमच्यात असं काही निघालं तर मला विचारायला थांबू नकोस.

नावांबद्दल तू विचारलं नाहीस, पण तुमच्या यादीत पुढच्या वर्षी फंक्शनांची नावं बदलायचं दिसतंय. १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटकातल्या बारा शहरांची नावं बदलली. इंग्रजी पाट्यांवरचं आपलं गाव त्या दिवशी 'बेलगाम'चं 'बेळगावी' झालं. त्यावरून आमच्याकडं काय काय बोललं जातं ते इथं नको. मी फक्त डेटाबेस सांगते. ज्यांनी शहराचं नावच चावी म्हणून वापरलं होतं, त्यांचे रिपोर्ट दोन तुकड्यांत फाटले. जुन्या बिलांचं एक गाव, नव्या बिलांचं दुसरं. रेल्वेच्या याद्यांत मात्र काही हललं नाही, कारण तिथं स्टेशनाचा कोड आजही बीजीएम आहे. पाटी बदलली, कोड तसाच. गाडीवरचं केए २२ तसंच, फोनचा ०८३१ तसाच. फंक्शनाचं नाव बदलायचं तर जुनं नाव टोपणनाव म्हणून चालू ठेवा, वापरलं की सूचना द्या, आणि काढायची घाई करू नका. पायथननं 'कलेक्शन्स'मधली काही जुनी नावं ३.३ मध्ये वेगळ्या जागी नेली, जुन्या जागेवरून ३.९ मध्ये काढणार होते, लोकांनी थोपवलं, अखेर ३.१० मध्ये, २०२१ साली गेली. नऊ वर्षं. तरीही त्या दिवशी बिल्ड पडलेले लोक मी पाहिलेत, त्यातली एक मी.

घाई न करण्याचा अतिरेकही होतो. प्रोग्राम बांधायला वापरतात त्या 'मेक'च्या फाइलीत टॅबच लागतो, स्पेस चालत नाही, यावर जगभरातल्या प्रत्येक इंजिनिअरनं एकदा तरी डोकं आपटलंय. स्टुअर्ट फेल्डमननं १९७६ मध्ये ते बनवलं. चूक लवकरच लक्षात आली होती, पण तोवर डझनभर लोक वापरत होते आणि त्यांना त्रास नको म्हणून त्यानं ती तशीच ठेवली. डझनभर! तुमचे ग्राहक किती आहेत? चाळीस? पन्नास? सगळे मोटारसायकलवरून गाठता येतील अशा अंतरावर. निपाणी, चिकोडी, गोकाक, फार तर कारवार. जे मोडायचं ते मोडायला हे वय सोन्यासारखं आहे. पाचशे झाल्यावर तुमचाही टॅब होईल.

तर आता राऊंडिंग. माझं मत असं. दुरुस्ती करा, पण जुन्या सूत्रांना ती लागू देऊ नका. गो भाषेत लूपच्या व्हेरिएबलचा अर्थ बदलायचा होता. जुना अर्थ जवळजवळ सगळ्यांनाच चकवत होता, तरी त्यांनी तो सरसकट बदलला नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत गो १.२२ आलं तेव्हा ज्या मॉड्यूलच्या फाइलीत 'गो १.२२' किंवा त्यापुढची ओळ लिहिलेली आहे, त्यालाच नवा अर्थ. बाकीच्यांना तोच कंपायलर जुना अर्थ देतो. रस्टच्या एडिशनही याच तत्त्वावर चालतात, २०१५, २०१८, २०२१, २०२४, आणि वेगवेगळ्या एडिशनची लायब्ररी एकाच प्रोग्राममध्ये नांदते. पायथन २ आणि ३ ला एका घरात नांदता आलं नाही, म्हणून ते भांडण अकरा वर्षं चाललं.

तुमच्या प्रत्येक सूत्राच्या फाइलीत पहिली ओळ आवृत्तीची असू दे. ओळ नसेल तर आवृत्ती १ समजायची, म्हणजे ग्राहकाला काहीच करावं लागणार नाही. नवी फाइल उघडली की एडिटरनं आपणहून 'आवृत्ती २' लिहावं. राऊंडचे दोन्ही अर्थ आत ठेवायचे म्हणजे कोडमध्ये एक 'जर' वाढतो. साहेब म्हणतील कचरा साठतो. साठतो. तो कचरा आपल्या परड्यात साठलेला बरा, ग्राहकाच्या अंगणात नको.

आणि तुमचं छोटं क्रेटर आत्ताच बनवा. ज्या ग्राहकांची परवानगी मिळेल त्यांच्या सूत्रांच्या फाइली आणि मागच्या वर्षाचे खरे आकडे गोळा करा, नावं-खाते नंबर काढून टाकून. जुन्या आणि नव्या इंजिनावर दोन्हीकडं चालवा आणि निकालातला पैसान् पैसा ताडून बघा. नुसतं 'एरर आली का' बघू नका, ती साहेबांची व्याख्या झाली. अर्ध्यावरचे आकडे हातानं घाला: ०.५०, १.५०, २.५०, ११२.५०, आणि ऋणही घाला, उणे २.५०. परताव्याच्या नोंदी ऋण असतात आणि तिथं 'वरचा रुपया' म्हणजे कुठला, यावर दोन हिशोबनीस कधी एकमत होत नाहीत. ते ग्राहकाला विचारून लिहून घ्या.

त्या पतसंस्थेची फाइल अजून माझ्याकडं आवृत्ती १ वरच चालते. काका गेल्या वर्षी निवृत्त झाले. नव्या मॅनेजरबाईंनी विचारलं, ही पहिली ओळ कशाला आहे, बदलून आवृत्ती २ करू का? मी म्हटलं, आधी ११२.५० घालून बघा.